खाऱ्या गावचे भोई गोड्या तलावावर

त्या वक्ताले कोन कोन होते ते आधी सांगते. दौलतबाबा होता, आमच्या जाळ्याचा म्होरक्या. केस पांढरे, पन हाक मारली तं नदीच्या पल्याडचं ढोर मान वर करे. माहे भासरे होते संपत, माह्या घरधन्याचे मोठे भाऊ. त्याइची बायको तुळसा, माही जाऊ. माही सासू गिरजा. आमच्याच आळीतला मुऱ्हारी होता, त्याची बायको बाळंतपनात गेली होती. अन् मी, सारजा. एक टट्टू होतं दौलतबाबाचं, त्याले नाव नोतं, पन तेबी आमच्यातलंच. माहा घरधनी नोता. तो आदल्या पावसाळ्यात पटकीनं गेला. त्याचं नाव मी घेत नाई. लिहिनारीले म्हनलं तूच लिही, तं तिनं लिहिलं: हिरामन. लिहिनारी म्हंजे तुळसेच्या पोराची बायको, माही सूनच ती, शाळेत गेलेली. मले माहं नाव तेवढं लिहिता येते, तेबी वाकडं.

या सगळ्याइतलं आता मीच राह्यली. अन् तो तलाव आमच्या आळीतल्या दुसऱ्या कोनी पाह्यला नाई, म्हनून सांगून राहिली.

पूर्णेकाठ

आमी भोई. गाव भातकुलीच्या पल्याड, पूर्णेच्या अंगाले, खारपानात. खारपान म्हंजे जमीन वरून काळी, सोन्यासारखी, पन विहीर खोदली तं पानी खारं. आमी तेच पेलो, तेच शिजवलं, त्याच पान्यात लेकरं न्हानली. गावाच्या खाल्तं एक विहीर तं अशी होती का तिचं पानी पाखरूबी पेत नोतं. त्या पान्यात आमी मासोळी चिरून बुडवो, मंग उन्हात टाको, अन् ती वाळली का पावसाळाभर टिके. आमाले वाटे, आमच्या गावचं ऊन लय चांगलं हाय.

ते साल कापसाचं होतं. दूर कोन्या मुलखात लढाई लागली होती म्हने, तिथला कापूस अडकला, अन् आमच्या इकडलं बोंड सोन्याचं झालं. ज्यानं त्यानं वावरात पऱ्हाटी लावली. जवारी कोनी पेरे ना. कुनब्याच्या बैलाइच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या आल्या, अन् आमच्या चुलीवर पातळ आंबिल आली. आमची मासोळी घेनारे तेच, पन जवारी द्याले त्याइच्याच घरात नोती. त्यात पूर्णेचे डोह त्या साली पुसातच, ऐन हिवाळ्यात, आटले.

आता जाळ्याची रीत सांगते, तिच्याबिगर पुढचं समजनार नाई. मोठं जाळं एका घराचं नसते. एकेक घर आपला तुकडा विनते, अन् पान्यावर गेल्यावर ते तुकडे एकाले एक बांधतात. ज्याचा तुकडा जाळ्यात, त्याची जागा दोरावर, अन् त्याचा वाटा मासोळीत. मानूस मेला तं त्याची जागा वर्षभर मोकळी ठेवतात. तेवढ्यात त्याच्या घरच्यानं तुकडा आनला, ओढ, म्हंजे जाळं ओढनं, शेवटपर्यंत नेली अन् वाटा हातात पडला, तं जागा राह्यते. नाईतं बुजली. बायकोनं आनू नये असं कोनी म्हनलं नोतं, कारन कोन्या बायकोनं आनलाच नोता.

भासऱ्याइनं ठरवलं होतं का मुऱ्हारीसंग माहा पाट, म्हंजे रांडवेचं दुसरं लगन, लावून द्याचा. मुऱ्हारी वाईट नोता. हसरा होता, कामाले वाघ होता. पन मले कोनी इचारलं नोतं. इकडल्या चुलीपासून उचललं अन् तिकडल्या चुलीपाशी नेऊन ठेवलं, तसं भांड्याले ठेवतात. मले घरधन्याची जागा पाह्यजे होती. दुसरं काई नाई. ती जागा असली का मी कोनाच्या घरातलं भांडं नोती.

पन घरधन्याचा तुकडा त्याच्यामांगं कोनी वाळवला नाई, तो सडला. नवा विनाचा तं सूत पाह्यजे. सूत कापसाचं, अन् कापसाले हात लावाची आमची ऐपत नोती.

तवा मी काय केलं, तं रस्ता धरला. कापसाच्या बंड्या भरभरून अमरावतीले जात. सडकेच्या दोन्ही अंगाले बाभळी. बंडी घासून गेली का काट्याले कापूस लागून राहे. हिवाळाभर मी सकाळी उठून त्या बाभळीइचा कापूस वेचला. धुकं असलं का बाभळी अशा दिसत जशा फुलल्या, पांढऱ्या फुलानं. बंडी गेली का मी मांगून जाओ, वाऱ्यासंग कापूस उडे, मी त्याच्यामांगं फिरे. बंडीवाले हसत. एक म्हने, "बाई, बाभळीले खत घाल, दुप्पट येईन." हात रक्ताळले, पन टोपली भरे. मंग ते सूत कातलं, पीळ देल्ला, तुकडा विनला, बाभळीच्याच सालीच्या काढ्यात लाल केला. सासू पाहे. चांगलं म्हने ना, वाईट म्हने ना. फकत एका दिवशी माह्या हाताले तिनं एरंडीचं तेल लावलं, अन् उठून गेली.

अमरावती

महाशिवरात्र झाली अन् निंघालो. डोंगराच्या पायथ्याशी, इलिचपुराच्या पल्याड, गवळी राजानं बांधलेला एक मोठा तलाव हाय, अन् फागुनात त्याची मासोळी कोमट पान्यासाठी काठाले येते, असं दौलतबाबानं पालखी वाहाच्या दिवसात आयकलं होतं. सनाचा, म्हंजे तागाचा, जाड दोर घ्याचा होता म्हनून आधी अमरावतीले गेलो.

पेठेत मानसापेक्षा कापूस जास्त होता. घराच्या ओट्यावर कापूस, देवळाच्या अंगनात कापूस, बैलाच्या पाठीवर कापूस. हवेत इतका उडून राह्यला होता का मुऱ्हारीच्या मिशा पांढऱ्या झाल्या. तुळसा म्हने, "भावजी, तुमी आता दौलतबाबाचे भाऊ दिसता. तुमाले पोरगी कोन देईन?" मुऱ्हारीनं माह्याकडे पाह्यलं अन् मिशा पुसल्या. भासरे समोर होते, मी पदर ओढला अन् दुसरीकडे पाह्यलं.

एका शेटाच्या दुकानाशी आमी बसलो. त्यानं आमचं जाळं पाह्यलं अन् म्हने, "हे एवढं सूत तुमी पान्यात बुडवता?" दौलतबाबा म्हने, "तं काय डोक्याले गुंडाळू?" शेट हसला, पन त्याचा हात जाळ्यावरून निंघे ना. कापसाचा मानूस, हात लावून पाह्यल्याबिगर राहवे ना त्याले. माह्या तुकड्यावर हात आला तवा म्हने, "हा कापूस तं कोन्याच एका वावरातला नाई." मी म्हनलं, "नाई."

बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता पाडून राहिले होते. दौलतबाबा बराच वेळ तिकडे पाहून राहिला. म्हने, "आता पालखीत कोन बसन?" अन् टट्टूले टाच मारल्यासारखं करून निंघाला, पायी.

डोंगराकडे

अमरावतीच्या वर वाट चढती लागते. मी खारपानाच्या बाहीर पयल्यानं आली होती. आमच्या इकडे झाडं कमी, जमीन सपाट; नजर टाकली का ती पडतच जाते, तिले आडवं काई येत नाई. इथं डोंगर दिसे. सकाळी निळा, दुपारी नाई, संध्याकाळी पुन्हा निळा. मले वाटे तो झोपते अन् उठते. पळस फुलला होता. पान एकबी नाई, नुसती लाल फुलं. मोहाचा वास येऊन राह्यला होता, गोड, डोकं जड करनारा. आमी कमी बोलो. चालता चालता झोप लागल्यासारखं होये, अन् झोपेतबी पाय चालत.

पन एक गोष्ट झाली. आमच्या तोंडाची चव गेली. पयल्या मुक्कामी सासूनं डाळ शिजाले टाकली, अन् ती चुटकीसरशी मऊ झाली. आमच्या घरी डाळ अर्धा दिवस घेते. सासू भ्याली. म्हने, "ही डाळ हाय का भूत हाय?" खाल्ली तं माती. भाकर माती. दौलतबाबा म्हने, थकवा हाय. तुळसा म्हने, तिले ताप हाय. दुसऱ्या दिवशीबी तसंच. मुऱ्हारीनं आपली जीभ काढून मले दाखवली नाई, सासूले दाखवली, अन् इचारलं, "काकी, हाय का जागेवर?" सासू म्हने, "हाय. बोलते तवा कळते."

आमी ठेचा खाल्ला, तिखटानं तोंड जाळलं, अन् पुढं चाललो.

तलाव

बांधावर चढलो अन् पानी दिसलं. मी नदी पाह्यली होती. नदी कुठं तरी जाऊन राह्यली असते. हे पानी कुठंच जात नोतं. एवढं मोठं पानी अन् नुसतं बसलेलं. पल्याडचा मानूस बगळ्याएवढा दिसे, अन् बगळा दिसेच ना. डोंगर पान्यात उलटा. वारा आला का डोंगर हाले, वारा थांबला का पुन्हा येऊन बसे. सासू काठाशी गेली अन् तिनं हात जोडले. कोन्या देवाले, ते तिलेच माईत.

बांधाखाल्तं तिथल्या भोयाइची वस्ती होती. त्याइनं आमाले हाकललं नाई. त्याइचं जाळं लहान होतं, आमचं आलं तं तलावाची एक खाडी आडवी बांधता येनार होती. ठरलं का दोन्ही जाळे बांधाचे, अन् एक वाटा तलावाच्या लोकाइचा. रुखमा म्हनून एक बाई होती त्याइच्यात, अंगानं मोठी, तोंडाची खुली. मले पाहून म्हने, "ही दोरावर उभी राह्यनार?" तुळसा म्हने, "हो, आमच्या इकडे बायाच मर्द हायेत." तिनं टोमना मारला होता, पन रुखमाले तो खराच वाटला. म्हने, "बरं हाय."

सकाळी धुक्यात जाळं टाकलं. भासरे अन् मी एका दोराले हात लावत नाई, म्हनून ते पल्याडच्या टोकाले. माहा तुकडा मुऱ्हारीच्या अन् तलावाच्या लोकाइच्या मधात. पानी कमरेएवढं, मंग छातीएवढं. वरतून गार, पायाशी कोमट. पायाखाल्तं चिखल मऊ, लेकराच्या गालासारखा. धुक्यात कोनी दिसे ना. दौलतबाबाची हाक तेवढी येये, जशी पान्यातूनच येऊन राहिली. मंग हातातला दोर थरथरला. मासोळी जाळ्याले लागली का असं वाटते जसं कोनी दाराची कडी हळू वाजवून राह्यलं.

लय मासोळी आली. मरळ, वाम, शिंगाडा. माहा तुकडा टिकला. आमी आमच्या रीतीनं चिरली, तलावाच्या पान्यात बुडवली, अन् बांधावर पळसाचे पानं नोते म्हनून गवतावर पसरली. वाळल्यावर वाटे पाडाचे होते. ऊन कडक होतं. दौलतबाबा म्हने, ऊन आपल्या गावासारखंच हाय.

दुसऱ्या दिवशी वास आला. तिसऱ्या दिवशी किडे. बांधावर मासोळी पांढरी पडून राहिली होती अन् माशा अशा बसल्या होत्या का गवत काळं दिसे. दौलतबाबानं एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, खाल्तं ठेवला, अन् बसून गेला. एवढी मोठी ओढ, अन् सगळी मातीत. वाटा काईच नाई पडला, म्हंजे माही ओढबी पुरी नाई झाली.

दुपारी मोहाच्या झाडाच्या एका अंगाले मानसं बसले होते, दुसऱ्या अंगाले मी जाळं झाडून राहिली होती. तुळसा मले आयकू येईन असं म्हने, "रांडवेचा तुकडा जाळ्यात बांधला, दुसरं काय होनार?" भासरे दौलतबाबाले म्हने, सोडून टाका तो तुकडा, घरी गेलो का मुऱ्हारीचा अन् तिचा पाट लावू, तिचंबी भलं होईन. दौलतबाबा म्हने, उद्या पाहू. मी जाळ्यातलं शेवाळ काढत राहिली. रडली नाई. रडून मले काई भेटलं असं मले आठवत नाई.

सासूनं हे सगळं आयकलं. ती चुलीपाशी होती. तिनं लाकूड आत सारलं.

दिवस कलला तवा रुखमा आली. पदरात भाजलेली मोहाची फुलं घेऊन, दुखवट्याले आल्यासारखी. सासूनं उरलेल्या ताज्या मासोळीचा रस्सा केला होता, तिच्यापुढं ठेवला. रुखमानं एक घास घेतला अन् तशीच थांबली.

"बुढे," तिनं इचारलं, "कोन्या देवाचा नेम धरला का तुमी?"

"काहून व?"

"मंग मीठ काहून नाई?"

सासू म्हने, "आमी मीठ टाकत नाई."

"टाकत नाई तं खाता कसे?"

सासूनं पळी खाल्तं ठेवली. ती उठली. काठाशी गेली, वाकली, ओंजळीनं पानी पेली. पुन्हा घेतलं, तोंडात धरून ठेवलं, जसं मोठ्या घरी गेल्यावर कोनी नवा पदार्थ खाते. रुखमा मले म्हने, तुही सासू बरी हाय ना. मंग सासू हात पुसत मानसं बसले होते तिकडे गेली.

"दौलत," ती म्हने, "मासोळी हिच्या तुकड्यानं नाई सडली. या पान्यात मीठ नाई."

भासरे म्हने, "माय, पान्यात कधी मीठ असते का?"

"आपल्या पान्यात हाय. जलमभर खाल्लं, अन् आपल्याले दिसलं नाई."

दौलतबाबा तलावाकडे पाहून राहिला, जसं त्यानं फसवलं. आता सांगताना सोपं वाटते. आमाले माईत नोतं का की आमचं पानी खारं हाय? माईत होतं. पन माईत असनं वेगळं, अन् ध्यानात येनं वेगळं. आमाले वाटे आमची मासोळी उन्हानं टिकते, अन् आमच्या बायाइच्या हाताले चव हाय.

शेवटी मुऱ्हारीच हसला. म्हने, "आपन घरच्या बायाइले सुगरन म्हनत होतो. सुगरन तं विहीर निंघाली." तुळसेनं त्याले काडी फेकून मारली.

पन भासऱ्याइचं म्हननं मिटलं नोतं. पानी गोड असो का खारं, बाईनं जागा मांगनं त्याइले पटत नोतं. ते म्हने, रीतीत जागा घराची म्हनलं हाय, अन् आता घर म्हंजे मी. दौलतबाबा म्हने, "अजून एक ओढ. वाटा पडला तं जागा राह्यली. कोनाच्या नावानं, ते वाटा पाडताना पाहू."

दुसरी ओढ

मीठ त्या दिवसात सरकारी होतं, महाग होतं. रुखमाचे लोक मासोळी धुरावर वाळवत. वल्लं लाकूड जाळून वर माचीवर ठेवत. त्याइनं म्हनलं आमची माची वापरा. म्हनून पुन्हा जाळं टाकलं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं का माहे हातच मले कोपरापुढं दिसत नोते. पाखरं पान्यावर बोलत, दिसत नोते. जाळं पसरलं, ओढाले लागलो. हळू ओढा लागते, झोपलेल्या मानसाची गोधडी काढावी तसं. अर्ध्यात आलो अन् दोर ताठ झाला. अडकलं. दौलतबाबानं इचारलं, कोनाच्या तुकड्याखाल्तं? मले माईत होतं. माह्याच.

तलावात जुनी बुडलेली झाडं असतात. अशा वक्ताले एक तं ज्याचा तुकडा त्यानं सोडवाचा, नाईतं सुरी घेऊन तुकडा कापाचा, म्हंजे बाकीचं जाळं वाचते. तुकडा कापला का जागा गेली. दुसऱ्यानं सोडवला तरी गेली.

मुऱ्हारी माह्या बाजूलेच होता. तो हळू म्हने, "मी उतरू का? धुक्यात कोनाले दिसनार नाई."

आजबी मले त्याचं ते बोलनं आठवते. त्यानं जागा स्वतासाठी नोती मांगतली. मले वाचवून देत होता, अन् त्याच्यानं त्याचंच नुकसान होतं; जागा राह्यली तं पाट नोता.

मी म्हनलं, "नोको. तुमी तुमचा दोर धरा."

अन् खाल्तं गेली.

पान्याखाल्तं हिरवं होतं. आवाज नाई. वरतं जे काई होतं, भासरे, तुळसा, पाट, भाकर, ते सगळं वरतंच राह्यलं. माहे केस सुटले अन् माह्या तोंडापुढं हळूहळू हालाले लागले, जसे ते माहे नाईतच. एक मोठी मरळ आली, माह्याकडे पाह्यलं, अन् तिले काई घाई नसल्यासारखी बाजूले झाली. मले घरधनी आठवला नाई. लोक म्हनतात अशा वक्ताले आठवते. मले फकत इतकं वाटलं का इथं बरं हाय. कोनी हाक मारत नाई. थोडं बसावं.

मंग छाती जळाले लागली. मी हात पुढं केला, खोड लागलं, मोहाचं असन का कशाचं, शेवाळानं मऊ झालेलं. जाळं त्याच्या एका फांदीत गुतलं होतं. मी ओढलं, निंघे ना. वर आली, श्वास घेतला, पुन्हा गेली. असं किती बार गेली ते ध्यानात नाई. शेवटी दातानं विनलेल्या सुताची चार घरं तोडली अन् जाळं सुटलं.

पन आता भोक पडलं. त्यातून सगळी मासोळी जाईन. मी भोक दोन्ही हातानं गोळा केलं, छातीशी धरलं, अन् तशीच चालाले लागली. जाळं ओढत होते अन् मी त्यात बांधल्यासारखी, जाळ्याचाच एक तुकडा. मासोळी येये, माह्या पोटाले धडके, मांड्याले धडके, अन् फिरून जाये. वाट शोधून राह्यल्या होत्या. मी त्याइले वाट देल्ली नाई. पानी छातीएवढं झालं, मंग कमरेएवढं, मंग गुडघ्याएवढं. धुकं उठलं होतं. ऊन पडलं होतं. सगळे काठावर होते अन् माह्याकडे पाहून राह्यले होते. मी हात सोडले नाई, ते सोडताच येत नोते. रुखमानं एकेक बोट उकललं.

वाटे पाडाची आमची रीत अशी हाय. मासोळीचे ढीग लावतात, होता होईन तितके सारखे. जो सगळ्याइत मोठा, त्याले ढिगाकडे पाठ करून बसवतात. म्होरक्या एका ढिगाले काठी लावते अन् इचारते, हा कोनाचा? पाठ केलेला मानूस नाव घेते. त्यानं जे नाव घेतलं ते घेतलं, मंग भांडन नाई. त्या दिवशी सगळ्याइत मोठी माही सासू होती.

ती तलावाकडे तोंड करून बसली. मले तिची पाठ दिसे, अन् लुगड्यावरचं ठिगळ.

"हा कोनाचा?"

"दौलतचा."

"हा?"

"तलावाच्या लोकाइचा."

"हा?"

"मुऱ्हारीचा."

"हा?"

"संपतचा."

शेवटचा ढीग राह्यला. आमाले सगळ्याइले माईत होतं. तिनं मेलेल्या लेकाचं नाव घेतलं, तं वाटा घरचा, अन् घर म्हंजे भासरे. मंग मी मुऱ्हारीच्या घरी. तिनं लेकाचं नाव घेनं यात वावगं काई नोतं. माय होती ती. त्याचं नाव घ्याले तिले कितीक दिवसात कोनी बहाना देल्ला नोता. दौलतबाबानं ढिगाले काठी लावली. मंग हळू म्हने, "अन् हा, वहिनी?"

सासू पान्याकडे पाहून राहिली. डोंगर पान्यात उलटा बसला होता.

"माह्या लेकाचा वाटा तो संग घेऊन गेला," ती म्हने. "हा सारजाचा."

भासरे उठले. मले वाटलं आता भांडतीन. त्याइनं एक टोपली घेतली, तो ढीग स्वता भरला, माह्यापासून थोडी दूर आनून ठेवली, अन् मांगं झाले. भासऱ्यानं याच्यापेक्षा जवळ यावं अशी रीत नाई. मुऱ्हारी म्हने, "चला, आता मले अमरावतीच्या पेठेतच पोरगी पाहा लागन, पांढऱ्या मिशा घेऊन." अन् खरंच पुढच्या साली त्यानं दुसरीकडे पाट लावला, चांगली बाई भेटली त्याले.

मासोळी धुरावर वाळवली अन् परत निंघालो. पळसाची फुलं झडून वाट लाल झाली होती. सासू माह्यापुढं चाले. ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाई, मीबी इचारलं नाई. घरी आलो, तिनं डाळ टाकली, ती शिजता शिजे ना, अन् आमाले सगळ्याइले बरं वाटलं.

त्याच्यानंतर मी दोरावर उभी राहिली ते गुडघे गेले तवापर्यंत. दुःख आलं, दुकाळबी आला, मी सांगत बसत नाई, ते सगळ्याइवर आलं. पन मले कोनी इकडून तिकडे ठेवलं नाई.

जो कोनी हे वाचन त्याले माहं इतकंच सांगनं हाय. तुमच्या घरी वाटा पडन, वावराचा असो, मासोळीचा असो, का भाकरीचा असो, तं बाईचा वाटा तिचं नाव घेऊन द्या. नवऱ्याचं नाई, लेकाचं नाई. तिचं.